मधली सीट

"जरा उठता का?" अक्कांनी चौथ्यांदा विचारलं.

कडेच्या सीटवरच्या माणसानं लॅपटॉप मिटला, ट्रे वर ढकलला आणि वाट करून दिली. सुस्कारा मात्र असा सोडला की पुढच्या रांगेलाही ऐकू जावा.

अक्का अंग चोरून बाहेर आल्या. तीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेली बाई, बसायचं काय कौतुक त्यांना! पण विमानातली ही सीट मागे रेलत नव्हती आणि गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतत होते. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, तेव्हा पांघरूण नाही, उशी नाही, पाणीसुद्धा विकतचं. अक्कांची तिसरी बाटली संपत आली होती.

पुढच्या आठवड्यात त्या धाकट्या भावाला किडनी देणार होत्या. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं: पाणी भरपूर प्या, तासातासाला उठून चाला, आणि दुखण्यावरची गोळी मला विचारल्याशिवाय घेऊ नका. तपासणीत काही बिघडलेलं निघालं, तर ऑपरेशन पुढे जाईल. पुढे ढकलण्याइतकी सवड भावाला उरली नव्हती.

वाटेत खाण्याची गाडी आडवी आली. "काकू, बसून घ्या ना," गाडी ढकलणारी मुलगी म्हणाली.

"बसते की. आधी चालून होऊ दे." अक्का भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, गाडी गेल्यावर पुन्हा चालू लागल्या.

सातव्या तासाला डावा गुडघा ठणकू लागला. बघता बघता कळ मांडीपर्यंत चढली. अक्कांनी पाय लांब करून पाहिला, तिरका करून पाहिला. कुठे न्यायचा तो? शेवटी पदराचं टोक दातांत धरून त्या डोळे मिटून बसल्या.

कडेच्या सीटवरच्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यानं बॅगेतून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या काकू. अर्ध्या तासात ठणका थांबेल. तुम्हालाही झोप लागेल, मलाही लागेल."

एवढीशी पांढरी गोळी. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. एकीनं काय होणार आहे? आणि कळणार तरी कुणाला? बाटलीत दोन घोट पाणी होतं. त्यांनी झाकण फिरवलंही.

मग गोळी परत त्याच्या हातावर ठेवली आणि पाणी नुसतंच पिऊन टाकलं.

"नको. तुम्ही जरा उठता का?"

"आत्ता? या पायानं?" माणसाचा आवाज चढला. "असं अडलंय तरी काय तुमचं?"

"भावाची वस्तू आहे माझ्याकडे. धड पोचवायचीय."

तो वरमला. उठून उभा राहिला आणि वरच्या कप्प्याकडे हात नेत म्हणाला, "सामानात आहे का? काढून देऊ?"

"नको, असू दे," अक्का म्हणाल्या. "जवळच आहे."

आणि एकेका सीटची पाठ धरत, डावा पाय ओढत, त्या चालू लागल्या.