काकूचा लळा

सिझर झाल्यावर डॉक्टरांनी शिलाई मशीनवर बसू नको म्हणून बजावलं, तेव्हा दिवस भरेपर्यंत तृप्ती शिवत आलेल्या बाटिकच्या रजया मोठी जाऊ शिवून द्यायला लागली. रजया गेल्या त्या गेल्या, बाळही जावेचंच झालं! आईच्या मांडीवर भोकाड पसरायचं आणि काकूच्या मशीनशेजारी ठेवलं की निवांत झोपायचं.

"जन्म तू दिलास गं, पण लळा काकूचा हो!" शेजारच्या कुसाबाई हसायच्या. तृप्तीही हसायची, आतून मात्र जळून खाक व्हायची.

परवा जाऊ माहेरी विंचूरला गेली आणि बाळाने घर डोक्यावर घेतलं. पाजून झालं, फिरवून झालं, काही उपयोग नाही.

"जा मग, तुझ्या काकूकडेच जा!" रडवेल्या तृप्तीने त्याला पाळण्यात ठेवलं आणि रागारागात जावेची अर्धवट रजई ओढून मशीन सुरू केलं. निळ्या बाटिकवर दोऱ्याचं एक पान उमटलं नसेल, तोच रडणं थांबलं. तिने वळून पाहिलं, तर बाळ गाढ झोपलेलं.



पोटात होतं तेव्हापासून त्याच्यासाठी आई म्हणजे हीच खडखड होती.