धरल्या श्वासाचे माप

वर्ष सरत आले असता, एका मंगळवारी सकाळी, रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत, एक शिंपीण कमरेपर्यंत उघडी होऊन पुरुषभर उंचीच्या आरशासमोर उभी होती. पेठेत तिला सगळे मास्तरीण म्हणत. स्वतःला सोडून इतर सर्वांना आरशात निरखणे हाच तिचा धंदा. धाकट्याने अंगावरचे दूध सोडले, त्यानंतर तिने स्वतःसाठी एकही कपडा बेतला नव्हता. दोन लेकरांच्या दुधाने ताणलेले आणि मग रिते होऊन ओघळलेले स्तन ती न्हातानाही पाहत नसे. ते शस्त्रक्रियेने पूर्ववत करून घ्यावेत, हे तिला कोणी सुचवले नव्हते. नवऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही." हे वाक्य प्रेमाचे की दुर्लक्षाचे, याचा निवाडा तिला अद्याप करता आला नव्हता. फरक तिला पडत होता. वाद खरे तर तेथेच मिटायला हवा होता. पण भीती कुणाचा युक्तिवाद ऐकून घेत नाही.

भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर? आजारात गेलेल्या आईसाठी लोक रडतात. आरशापायी गेलेल्या आईबद्दल तिच्या लेकरांना कोण, कोणत्या तोंडाने सांगणार?

पडद्यापलीकडच्या खुर्चीवर थोरली जाऊ कपड्यांचे बोचके मांडीवर घेऊन बसली होती. दुकानात काज-बटणे तीच करी, आणि महिनाभर सुईइतकीच तिची जीभही चालली होती. "दोन लेकरं पोसली त्यांनी. आता बसू दे की निवांत. उचलून कुठे झेंडे लावायचेत?" तरीही आज सकाळी, कोणी बोलावण्याआधी, चपला घालून दारात तीच उभी होती. "मी येते. बेशुद्धीत तू खरं बोलशील, ते ऐकायला कोणीतरी हवं."

डॉक्टरीणबाईंनी जांभळ्या पेनाचे टोपण काढले.

मास्तरीण त्यांच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून पाहू लागली. तिला एक चूक हवी होती. एकच, म्हणजे घाबरून नव्हे, तर कारागिराच्या तोऱ्यात परत फिरता आले असते. पण बाईंनी तिला निजवले नाही, उभे ठेवूनच खुणा केल्या. कारण निजले की अंग आपली जागा सोडते. आधी मधली रेघ आखली. मग गळ्याच्या खळगीपासून टेप सोडली. डावी बाजू बोटभर खाली आहे, हे मास्तरणीचे गुपितही त्यांनी न विचारता ओळखले. हात जसजसा बिनचूक ठरत गेला, तसतशी तिची भीती वाढत गेली. खडूची रेघ झटकली की जाते. परंतु रेघ बरोबर पडली की पुढे कात्रीच येते.

"खांदे सैल सोडा." तिने सोडले.

पडताळा म्हणून बाईंनी टेप पुन्हा लावली आणि त्या थबकल्या. तिसऱ्यांदा लावली. "मघाशी वेगळं आलं होतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "माझं काहीतरी चुकतंय."

मास्तरणीची सुटका झाली होती. मागावी ती चूक पदरात पडली होती. आता कपडे मागावेत, बाहेर पडावे आणि उद्यापासून सगळ्यांना सांगावे, त्यांना धड मापही घेता येत नाही. कोणी खोटे म्हटले नसते.

तिने आरशात पाहिले. या खेपेस खरोखर पाहिले. खांदे आज्ञाधारकपणे खाली लोंबत होते. पण फासळ्या वर चढून तेथेच थिजल्या होत्या आणि पोट पाठीला लागले होते. अशा बायका तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या. टेप अंगाला लागताच त्या पोट आत ओढत, छाती वर धरत, आणि आपण मुळात अशाच आहोत असे शपथेवर सांगत. ती त्यांना हसून दटावी, "श्वास सोडा, ताई. धरल्या श्वासाचा कपडा पहिल्या घासाला उसवतो." ज्यांना तरीही सोडता येत नसे, त्यांना ती टेप गुंडाळून परत पाठवी.

"चूक तुमची नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "मी श्वास धरलाय."

"केव्हापासून?"

"घराला कडी घातली तेव्हापासून."

"मग सोडा ना. घाई नाही."

तिने तोंड उघडले. थोडा श्वास कण्हत बाहेर आला आणि दचकल्यासारखा परत आत शिरला.

"अगं, श्वास सोड म्हणताहेत," पडद्यामागून आवाज आला. "प्राण नव्हे."

मास्तरीण हसायला गेली, पण श्वास सुटला नाही. छातीवरच्या जांभळ्या रेघा थरथरू लागल्या.

पडद्याच्या कड्या खळखळल्या. थोरली जाऊ आत आली. तिने आरशाकडे पाहिले नाही, रेघांकडेही नाही. बोचके सोडून त्यातला सैल सदरा तिने धाकट्या जावेच्या खांद्यांवर चढवला, आणि वरून खाली, एकेक करीत, सावकाश बटणे लावली. मग बाईंनी टेबलावर ठेवलेली टेप उचलून नीट गुंडाळली आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली.

"आज माप मिळणार नाही," ती म्हणाली. "हिला श्वास सोडता आला, की आम्ही दोघी परत येऊ."