प्रकल्पाची प्रकृती

“कायले खरं लिहून राहिला बे?” हिमांशूनं उमेंद्रच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत विचारलं. “पाचातले दोन सोडून गेले, हे मंडळाले सांगाची काय गरज? सगळं मस्त चालू आहे, असं ठोक ना! आन् हे केशोरीचं काऊन टाकलं?”

“वाचते कोण?” उमेंद्र म्हणाला आणि अहवाल पाठवून मोकळा झाला.

आमगावच्या स्टेशन रोडवर उमेंद्र पटलेचा कॉम्प्युटर क्लास होता. हिमांशू तिथंच त्याच्यासोबत शिकवायचा. पण उमेंद्रचा जीव अडकला होता भलत्याच कामात. मराठी शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्रॅम तो आणि गावोगावचे चार जण मिळून बनवत होते. पगार कोणालाच नव्हता. प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट, आतला कोडही सगळ्यांसाठी उघडा. असे पुष्कळ प्रकल्प सांभाळणारी परदेशातली एक संस्था त्यांच्या पाठीशी होती. तिची अट एकच होती. प्रकल्पाची प्रकृती कशी आहे, ते दर तीन महिन्यांनी तिच्या संचालक मंडळाला इंग्रजीत लिहून कळवायचं. काम करणारे किती, गेले कोण, भांडणं झाली का, नवीन काय. उमेंद्र प्रमुख, म्हणून ते त्याच्याकडे.

सुरुवातीला तो इस्त्री केल्यासारखं लिहायचा. सहकारी उत्साही आहेत, वाटचाल दमदार आहे. संस्थेच्या कार्यालयाकडून दर वेळी तेच उत्तर यायचं, ‘अहवाल मिळाला. आभार.’ एकदा गंमत म्हणून त्यानं मधेच घुसडलं, ‘प्रमुखाचं सकाळपासून पोट दुखत आहे.’

‘अहवाल मिळाला. आभार.’

त्या दिवशी त्याला कळून चुकलं, की वाचत कोणीच नाही. मग त्याचा हात सैल सुटला. काम अडलं तर अडलं म्हणून लिहायचा. नाशिकच्या सहकाऱ्याशी वाजलं, तर चूक आपलीच होती, असंही लिहून टाकलं. कोणापाशी बोलता न येणारं सगळं त्या अहवालात ओतलं की त्याला हलकं वाटायचं.

आणि दिवाळीनंतर तो केशोरीला मुलगी पाहून आला. ‘मुलीचं नाव योगेश्वरी,’ त्यानं लिहिलं. ‘वडील जागेश्वर टेंभरे, त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. तिनं विचारलं, तुम्ही कॉम्प्युटरवर नेमकं करता काय? मी सांगत बसलो, चहाचं पाणी झालं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. नवीन आवृत्ती या वेळी निघणार नाही. लक्ष ठिकाणावर नाही.’

‘अहवाल मिळाला. आभार.’

केशोरीहून मात्र तेवढंही उत्तर येईना. सोयरीक जुळवणारे ईश्वरदासमामा अधूनमधून यायचे आणि “विचार करून राहिले” एवढंच सांगून चहा पिऊन जायचे. आज हिमांशूनं हटकलं, तो त्यानंतरचा अहवाल. ‘काम करणारे उरले तीन,’ उमेंद्रनं त्यात लिहिलं होतं. ‘केशोरीचा निरोप नाही. दोन्हीकडे आशा कमीच.’

मार्चमधल्या एका दुपारी क्लास भरला असताना ईश्वरदासमामा चपलांसकट आत शिरले.

“उमेंद्र! बंद कर ते डबे! केशोरीवाल्यायनं हो म्हटलं!”

पोरांनी टाळ्या पिटल्या. हिमांशूनं त्याला उचलूनच धरलं. सुटत्या गाडीसाठीही कधी न पळणारे मनोहरलाल, उमेंद्रचे वडील, स्वतः पळत जाऊन जीप ठरवून आले. पेढ्यांचे डबे मांडीवर घेऊन मंडळी निघाली. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान हिरवागार डोलत होता. उमेंद्रला जीप इतकी हळू वाटत होती, की उतरून ढकलावी. पुढच्या सीटवर मामांची छाती फुगली होती. “मी शब्द टाकला ना, म्हणून झालं,” ते वळून वळून सांगत होते.

केशोरीत मोठी माणसं आत तारखेचं बोलायला बसली. बाहेर छपरीत उमेंद्र आणि योगेश्वरी दोघंच उरले.

“इतके दिवस काऊन लागले?” त्यानं विचारलं.

योगेश्वरी हसली. “फोन येऊन राहिले होते ना!”

“कोणाचे?”

“तुमच्या मंडळाचे.”

उमेंद्रच्या तोंडाशी गेलेला पेढा तिथंच थांबला.

“खत कंपनीच्या यादीत बाबाच्या दुकानाचा नंबर सापडला म्हणे त्यायले,” योगेश्वरी सांगू लागली. “पहिला फोन आला, तं बाबा इंग्रजी ऐकूनच घाबरले. मलेच घ्या लागला. मंग रोज कोणी ना कोणी. एक जर्मनीचा, एक ब्राझीलचा. पोरगा लय चांगला आहे, हो म्हण. सभा सुरू कराच्या आधी तुमचा अहवाल मोठ्यानं वाचतेत म्हणे सारे.”

“वाचतेत?” उमेंद्रनं पेढा खाली ठेवला.

“अक्षर न् अक्षर! पण सारेच गोड बोलत, म्हणून माहा भरोसा बसे ना. मी नाहीच म्हणणार होती. मंग त्यायच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. ती गोड नाही बोलली. म्हणे, पोरी, याचा प्रकल्प डुबून राहिला, आन् याले धड भांडताही येत नाही.”

उमेंद्रनं मान खाली घातली.

“मी म्हटलं, मंग कायले हो म्हणू? तं ती म्हणे, एवढे लोक आपलं वाचून राहिले, हे माहीत असून हा माणूस एक अक्षर खोटं लिहत नाही.” योगेश्वरीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. “मंग मी हो म्हटलं.”