वाघबारशीचा नारळ

या, असे पुढे सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगते.

आज दुपारी आपल्या कीर्तनकार प्रमोदिनीताईंनी टेमघरला सावळाराम मास्तरांच्या दाराची कडी वाजवली. काखेत कापडात गुंडाळलेलं चित्र. मागे जिन्यात त्यांची कामवाली ठकुबाई, पदराचं टोक दातांत धरून.

चित्र मास्तरांच्या पणजोबांपासून घरात आलेलं. दीडशे वर्षांपूर्वीचा विलायती छाप, काळा-पांढरा. देवाची प्रार्थना सोडली नाही म्हणून गुहेत कोंडलेला बायबलातला दानिएल, हात मागे बांधलेले, भोवती सिंह. पणजोबा ख्रिस्ती कीर्तनकार. हेच चित्र मागे टांगून आख्यान लावायचे. आज संध्याकाळच्या कीर्तनात प्रमोदिनीताईंना प्रल्हादाशेजारी दानिएल उभा करायचा होता. शाळेतली आवडती विद्यार्थिनी म्हणून मास्तरांनी सकाळीच चित्र दिलं होतं. "वाडवडिलांचं एवढंच उरलंय गं. जप."

धामणकर नाक्याच्या खड्ड्यांत रिक्षा आदळली आणि काच तडकली. घरी येऊन ताईंनी काच काढली, चित्र भिंतीला टेकवलं आणि नवी काच आणायला गेल्या. परतल्या तर सगळ्या सिंहांच्या कपाळी शेंदूर. तेलात कालवलेला, कागदात मुरलेला. पुढ्यात तांदूळ आणि फोडलेला नारळ.

"ठकुबाई, अगं हे काय केलंस!"

"आज वाघबारस हाय ना, ताय. पाड्याव जाया भेटला न्हाय. म्हनून हितंच पूजला वाघदेव."

गणेशपुरीकडच्या डोंगरातली ती. तिकडे आजच्या दिवशी वाघाला पूजल्याशिवाय कुणी घास घेत नाही.

मास्तरांनी दार उघडलं, सगळं ऐकलं आणि चित्र खिडकीशी नेलं. चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरलं.

"मास्तर, चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "काच फुटली, मी उघडंच ठेवून गेले."

"भिवंडीच्या रिक्षात काच टिकली असती तर तोच चमत्कार." मास्तर ठकुबाईकडे वळले. "बाई, सगळ्या सिंहांना लावलास. मग या माणसाला का नाही?"

ठकुबाईने पदर सोडला. "त्यो कुठं देव हाय? मानूस हाय. एकला हाय, हात बांधलंत, आन रात काढायचीय त्याला. म्हनून वाघांना नारल दिला. म्हनला, ह्यो खावा, पन ह्या गरिबाला शिवू नका."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग डोळेही पुसले.

"प्रमोदिनी, चार पिढ्या आम्ही या चित्रापुढे गुडघे टेकले. दरवेळी आपल्यासाठीच मागितलं. दानिएलसाठी कुणी काही मागितलं, ते आजच." त्यांनी चित्र ताईंच्या हाती दिलं. "नवी काच बसव. शेंदरासकट. आणि संध्याकाळी मागे हेच टांग."

ताईंनी चित्र पुन्हा कापडात गुंडाळलं. जिना उतरताना ठकुबाई म्हणाली, "मंग आता खोबरं खावा की, ताय."

ते पाहा, तिथे टांगलंय. आज आरतीत स्वतःसाठी मागून झालं, की ठकुबाईची आठवण ठेवा. तिच्यासाठीही कुणीतरी मागायला हवं.