मूठ की लिव्हर

"मूळ विमानात थ्रॉटलला ओढायची मूठ होती, तीच बसणार!" असं म्हणत कावसनं विश्रामनं इंजिनाचा वेग कमीजास्त करायला बसवलेलं लिव्हर उपटलं आणि शेडच्या फरशीवर आपटलं.

विश्रामचं डोकं फिरलं. हे जुनं दोन सीटचं विमान दोघा मित्रांनी सहा वर्षं खपून उभं केलं होतं. प्रोपेलरनं तीन बोटं नेल्यापासून विश्रामला डाव्या हातानं मूठ धरता येत नसे. लिव्हर तेवढं तळव्यानं ढकलता यायचं.

"मी उडू नये म्हणून ना?" त्यानं पान्हा कावसच्या तोंडावर हाणला. दात तुटला. कावसनं त्याची मान धरून डोकं इंजिनावर आदळलं, पुन्हा आदळलं.

"हो, म्हणूनच!" कावस रक्त थुंकत ओरडला. "तू हातानं प्रोपेलर फिरवत असताना चुकून इंजिनाचा स्विच लावला तो मीच. बोटं घेतली, आता जीवही मीच घेऊ?"

विश्रामनं पुन्हा उगारलेला पान्हा खाली घेतला.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," तो धापा टाकत म्हणाला. "लिव्हर बसव. पहिल्या फेरीला मागच्या सीटवर तू बसायचंस."

कावसनं फुटलेल्या ओठांनी कसंबसं 'बरं' म्हणत फरशीवरचं लिव्हर उचललं.