करीच्या दिवशी निघालेली मॉरिस

दोर तुटला तो नेमका शहीद चौकाच्या तोंडाशी. बैल चार पावलं पुढं निघून गेले आणि मधुकररावांची मॉरिस मोटार रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बैल हाकणाऱ्या धोंडबानं कपाळावर हात मारला.

"मालक, घोटाळा झाला! तिकडून मारबत येऊन राहिली!"

आता या म्हाताऱ्या मालकाला कोणी विचारावं, की बाबा रे, पोळ्याची करच सापडली का तुला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं नागपूर रस्त्यावर उतरतं. पुढं मारबत, म्हणजे राक्षसिणीचा भलामोठा पुतळा; मागं बडग्यांचे पुतळे. ज्याचा राग आला त्याचा बडग्या करायचा, गावभर मिरवायचा, पोटभर शिव्या घालायच्या आणि 'ईडा-पीडा घेऊन जा' म्हणत शेवटी जाळून टाकायचा. मधुकररावांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! जन्म इतवारीत गेला होता त्यांचा. पण गरजवंताला अक्कल नसते.

गरज अशी, की त्यांच्या मुलानं, देवरावानं, गाडी परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकली होती. अंगणात त्याला दुकानाचे गाळे काढायचे होते. भंगारवाला उद्याच न्यायला येणार होता. मालगुजारी गेली, शेती गेली, बायकोही गेली. जिच्यातून बायको लग्न होऊन घरी आली, ती गाडी तेवढी उरली. इंजिन कधीच बसलं होतं. तरी म्हातारा रोज तिला फडक्यानं पुसायचा आणि तिच्यातच बसून चहा प्यायचा. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही आमच्या बाबांचा," असं देवराव चारचौघांत म्हणायचा. मधुकरराव ऐकून घ्यायचे. पोराच्या घरात राहायचं तर कान बंदच ठेवावे लागतात.

शेवटी मुलगी धावून आली. शामलाचं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्याला. "बाबा, आमच्या अंगणात आणून लावा. सासूबाईंना मी विचारलंय," ती म्हणाली. जागा मिळाली, पण न्यायची कशी? ट्रकवाले तोंडाला येईल तो आकडा सांगत. त्याच वाटेनं उमरेडला कोळसा भरायला रिकामा जाणारा एकजण स्वस्तात कबूल झाला, तर तो मेला गाडी आडवी पाडून नेतो म्हणाला, कोळशाच्या भुकटीत! मधुकरराव त्याच्या अंगावरच धावून गेले. मग आठवला त्यांचं जुनं कूळ असलेला धोंडबा आणि त्याची बैलजोडी.

"पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही मालक, अन् करीलेही ठेवू नाही," धोंडबा म्हणाला होता. "पण बाईसाहेबाच्या हातचं खाल्लं हाय मी. सकाळीच काढू. मारबत निघाच्या आंधी पोचवून देतो."

कसलं पोचवतो! दोराला गाठ मारेपर्यंत गर्दी येऊन भिडली. आणि गर्दीला काय दिसलं? शिंगं रंगवलेले, पाठीवर झूल घातलेले दोन बैल. त्यांच्यामागं चकचकीत मोटार. आत काळा कोट, काळी टोपी घालून, चाक घट्ट धरून बसलेला म्हातारा. साल चौऱ्याहत्तर. पेट्रोलच्या भावानं तेव्हा भल्याभल्यांची झोप उडवली होती.

"अबे, पेट्रोलचा बडग्या पाहा बे!" कोणीतरी ओरडलं.

झालं! एकच हल्ला. कोणी टपावर चढलं, कोणी काचेवर गुलाल फेकला, कोणी फाटक्या चपलांची माळ दिव्याला अडकवली. शंभर हात मागून गाडी ढकलायला लागले.

"महागाई घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!"

"अरे, माझी गाडी आहे! खरी गाडी आहे रे!" मधुकरराव खिडकीतून ओरडले. त्यांना रडू आवरेना.

"काय ॲक्टिंग करून राहिला बुढा!" गर्दी आणखीच खूश झाली.

महाल भागात धोंडबानं संधी साधली आणि बैल एका बोळात दामटले, म्हणून गाडी जळायची वाचली. मधुकररावांनी चपलांची माळ ओढून फेकली, टोपीवरचा गुलाल झटकला. अपमानानं जीव अर्धा झाला होता. पण मग त्यांनी मनाची समजूत घातली. शिव्या पडल्या तर पडल्या, अंगाला थोड्याच चिकटतात! गाडी वाचली आणि पोरीच्या अंगणात चालली, हे काय कमी झालं?

सक्करदऱ्याला गाडी पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. शामला फाटकाशीच उभी होती, पण फाटक लावलेलं होतं. बातमी गाडीच्या आधीच येऊन बसली होती. शामलाची सासू जिजाबाई पुढं आली. बाई काही वाईट नव्हती. तिनं आधी हात जोडले.

"व्याहीबुवा, राग मानू नका. साऱ्या गावानं या गाडीवर आपली ईडा-पीडा घातली. मारबतीच्या मागं गेलेली वस्तू कोणी दारात घेते का? घरात नातू तापानं पडून हाय माझा."

शामलाचा मुलगा आजारी आहे, हे मधुकररावांना कोणी कळवलंच नव्हतं. ते खाली उतरले.

"बरं," ते म्हणाले. "गाडी राहू द्या रस्त्यावर. तिचं बघू मग. शामले, घोटभर पाणी दे, आणि मला माझ्या नातवाला बघू दे."

त्यांनी फाटकावर हात ठेवला. शामलानं आतून कडी घट्ट धरली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"बाबा, तुम्हीही आत येऊ नका," ती म्हणाली. "सगळे ओरडत होते, तेव्हा तुम्ही गाडीतच बसला होता ना."