चौथी पट्टी

“दादाला मागे उभा करा, अगदी कडेला,” बाबा फोटोवाल्याला म्हणाले. “त्याची डावी बाही दिसायला नको.”

झालं! आत्या लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

दादा आणि धाकटा, दोघे भाऊ एकाच दिवशी फौजेत भरती झालेले. नोकरीच्या दर तीन वर्षांमागे गणवेशाच्या डाव्या बाहीवर एक तिरपी पट्टी मिळते; कैदेत काढलेला काळ मात्र त्यात धरत नाहीत. धाकट्याच्या बाहीवर चार पट्ट्या होत्या, दादाच्या तीन. दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा पहाऱ्यावर झोप काढली, असा ठपका येऊन दादा वर्षभर कैद भोगून आला होता. बाबाही जुने फौजी. पट्ट्या मोजायला त्यांना चष्मा लागत नसे. तेव्हापासून ते दादाशी कामापुरतंच बोलायचे, तेही खाली बघून.

“अहो, तुमच्या साठीचा फोटो आहे,” आई कळवळून म्हणाली. “आज तरी पोराला जवळ घ्या.”

“तू मधे पडू नकोस.”

दादा हसला. “जाऊ दे गं आई. मी ताडमाड, मागेच बरा.” आणि मुकाट्याने कडेला जाऊन उभा राहिला.

धाकट्याला ते हसणं सोसवेना. त्या दुपारी पहाऱ्यावर झोपला होता तो स्वतः. साहेबांपुढे दादाने स्वतःचं नाव सांगितलं. “तुझं नुकतंच लग्न झालंय, गप्प बस,” एवढंच त्याला म्हणाला. आणि हा शहाणा खरंच गप्प बसला! लाज वाटायची, रोज वाटायची, पण तोंड उघडायची छाती झाली नाही.

“आलोच,” म्हणत तो आतल्या खोलीत गेला. कोट काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि चौथ्या पट्टीचे टाके उसवायला लागला.

दार ढकलून बाबा आत आले. “सगळे खोळंबलेत आणि तू...” त्यांची नजर लोंबणाऱ्या पट्टीवर गेली. “वेड लागलंय का तुला?”

“बाबा, ही माझी नाही. त्या दिवशी झोपला तो दादा नव्हता, मी...”

“हळू बोल!” बाबांनी घाईघाईने दार लावून घेतलं.

“ऐका तरी! त्याचा काडीचाही दोष नाही. आणि तुम्ही इतकी वर्षं त्याच्याकडे धड बघतसुद्धा नाही!”

बाबा मटकन खाटेवर बसले. एकदम थकल्यासारखे दिसायला लागले.

“कुठल्या तोंडाने बघू?” ते म्हणाले. “आग लागल्यावर त्याने पहिला फोन मलाच केला होता. मला वाटलं, कैद तो सोसेल, तू नाही सोसणार. स्वतःचं नाव दे, असं मीच सांगितलं त्याला.”

धाकट्याने कात्री खाली ठेवली.

“तो तयार नव्हता रे,” बाबा म्हणाले. “मी शपथ घातली.”